अगस्तीचं उत्तर

लवेश मेस्त्रीच्या दंडावर काटा आला की प्रणिता हातातलं काम टाकून उठायची. भाकरी तव्यावर असो, शेजारची बाई पडवीत गप्पांना बसलेली असो, ती आधी हात धुवायची आणि मग नळी घ्यायची. घड्याळ लावलेलं होतंच, दर चार तासांनी ते वाजायचं. पण घड्याळाला काय कळतं? उन्हाळ्यात माणूस पाणी जास्त पितो, पाहुणे आले की चहा दोनदा होतो. लवेशची लघवीची पिशवी भरली की घड्याळाच्या आधी त्याच्या कातडीला कळायचं आणि कातडीवरून प्रणिताला. खुद्द लवेशला तेवढं कळायचं नाही.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत देवळाच्या सभामंडपावर पत्रे घालताना त्याचा पाय सरकला आणि पाठीचा कणा छातीच्या मध्यावर मोडला. मेंदूकडून खाली जाणारी आणि खालून वर येणारी तार तिथे तुटली. पाय गेले ते सगळ्या वाडीला दिसलं. पिशवीचं काय झालं ते कुणाला दिसलं नाही, आणि अशा दुखण्यातलं निम्मं आयुष्य तिच्याच मागे जातं. धडधाकट माणसाचा मेंदू एकाच वेळी दोन हुकूम सोडतो: पिशवी आवळ आणि खालचं दार उघड. तार तुटली की हा ताळमेळ संपतो. पिशवी मनाला येईल तेव्हा आवळते आणि नेमकं त्याच वेळी दारही घट्ट मिटतं. आत दाब चढतो. बाहेर वाट न मिळालेलं पाणी उलटं वर मूत्रपिंडांकडे ढकललं जातं. मूत्रपिंड काही दुखत नाही, ओरडत नाही, नुसतं झिजत राहतं. जुन्या काळी असे रोगी पडण्यातून वाचले तरी पुढे मूत्रपिंडं जाऊन मरायचे. म्हणून नळी. वेळच्या वेळी पिशवी रिकामी झाली की दाब चढायला जागाच राहत नाही.

खरं तर लवेशचे हात धड होते आणि नळी स्वतः कशी घालायची ते त्याला इस्पितळात शिकवलंही होतं. पण सुरुवातीला त्याला तिकडे बघवायचं नाही, आणि पुढे दोघांनाही सवय झाली. माजघरामागच्या खोलीत दार लोटून घ्यायचं, तिने नळी घालायची, आणि पाणी भांड्यात उतरेपर्यंत त्याने गुणगुणायचं. लवेश भजनी बुवा होता. नवी चाल सुचली की पहिल्यांदा तिथेच बाहेर यायची.

"ही कशी वाटता गो?"

"ही बोरकर बुवांनी मागच्या वर्षी लावल्यानी. दुसरी बघ."

तो दुसरी बघायचा. कधी कधी भांड्यात थेंब पडायचे थांबले तरी त्याच्या दंडावरचा काटा तसाच उभा राहायचा. मग प्रणिता त्याचं ओटीपोट हलकेच दाबून पाहायची, अजून उरलं असेल म्हणून. उरलेलं नसायचं. ती नळी काढायची, भांडं उचलायची आणि पुढच्या कामाला लागायची.

आता डबलबारी म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्या सिंधुदुर्गात त्याची गरज नाही. दोन मंच समोरासमोर, मंचावर एकेक बुवा आणि त्याचे पखवाजवाले, झांजवाले. आधी एक बुवा गातो, अभंग म्हणतो, गजर करतो आणि गाता गाता समोरच्याला पुराणातला एखादा प्रश्न टाकतो, वर दोन टोमणे. मग दुसरा बुवा त्याचं उत्तर गाऊन देतो आणि आपला प्रश्न टाकतो. लोक देवाचं नाव घ्यायला येतात हे खरं, पण टोमणे ऐकायला येतात हे जास्त खरं. आणि यात एक दंडक आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे: समोरचा गात असताना बुवाने मंच सोडायचा नाही. बसून ऐकायचं, हसायचं, मान डोलवायची. उठला तो पळाला. मग त्याने परत येऊन कितीही चांगलं गायलं तरी लोक घरी जाताना एवढंच बोलतात की अमका बुवा उठला.

चाकाच्या खुर्चीतून मंचावर चढवलेला, पाठीला टेकू आणि पोटाला पट्टा बांधलेला लवेश काही वर्षं बाऱ्या गायला. पोटाचे स्नायू गेले म्हणून त्याचा श्वास आखूड झाला होता, तर त्याने आखूड ओळींची स्वतःची एक तऱ्हा काढली आणि ती लोकांना आवडलीही. पण एकदा सावंतवाडीकडच्या एका बारीत समोरचे बुवा लांबत गेले, नळीची वेळ टळली, आणि लवेशचं धोतर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ओलं झालं. कुणी हसलं नाही, हेच त्याला सोसवलं नाही. त्यानंतर त्याने बारी सोडली आणि गावातल्या मुलांना पेटी शिकवू लागला.

*

गोव्याच्या इस्पितळातल्या डॉक्टर मृणाल पाटणकर त्याला वर्षातून एकदा तपासायच्या. त्यांनीच 'जागल'बद्दल सांगितलं. तेव्हा असली यंत्रं नुकतीच मोठ्या शहरांबाहेर मिळू लागली होती.

"पिशवीवर एक पातळ पापुद्रा चिकटवतो आपण," त्या म्हणाल्या. "आत किती भरलंय आणि दाब किती आहे, ते तो सतत मोजतो. कण्याच्या शेवटी ज्या नसा पिशवीकडे जातात त्यांवर बारीक तारा बसवतो. त्या पिशवीला एरवी शांत ठेवतात. तुम्ही फोनवर 'उघडा' म्हटलंत की दार सैल करतात आणि पिशवी आवळतात. तुटलेली तार जोडत नाही आपण. वळसा घालून जातो."

"आणि भरली ता माका कळतला कसा?" लवेशने विचारलं.

"गळ्याखालच्या हाडाशी एक कणी बसवतो. तिथली तुमची जाणीव शाबूत आहे. पिशवी भरत आली की ती कणी थरथरते. पहिले काही महिने नुसती थरथर वाटेल. मग मेंदू शिकतो. लोक सांगतात की पुढे पुढे खरंच लघवीला लागल्यासारखं वाटतं."

लवेशचा हात गळ्याखालच्या हाडाशी गेला. मग म्हणाला, "म्हंजे माका मुतूक लागतला?" आणि डॉक्टरांसमोर रडला.

निघण्याआधी डॉक्टरांनी दोघांना बसवून आणखी एक गोष्ट नीट समजावली. फोनवर 'थोपवा' नावाचा एक पर्याय होता. प्रवासात, अडीअडचणीला हाक थोडी लांबवता यावी म्हणून. दाब वाढला की फोनचा पडदा हिरव्याचा पिवळा व्हायचा, आणि पिवळ्यावर थोपवायचं तर रोग्याच्या अंगठ्याबरोबर घरच्या साथीदाराचाही अंगठा लागायचा. यंत्र बनवणाऱ्यांनी आधी ठरावीक दाबाला दार आपोआप उघडायचं ठेवलं होतं. पण चारचौघांत आपोआप दार उघडणं, यातूनच तर लोकांना सुटायचं होतं. लोकांनी ते चालू दिलं नाही. म्हणून हा दुसरा अंगठा आला.

"माणूस स्वतःच्या पिशवीशी खोटं बोलतो," डॉक्टर प्रणिताकडे बघून म्हणाल्या. "तुमच्याशी बोलणं त्याला अवघड जावं अशी अपेक्षा आहे. आणि हे लक्षात ठेवा. आजवर यांची पिशवी गळायची ना, ती गळती म्हणजे दाबाची वाट होती. तिने मूत्रपिंडं वाचवली. आता गळणार नाही. म्हणजे दाब चढला तर तो फक्त वर जाईल. थोपवा कधीतरीच. आणि वर्षाची तपासणी चुकवायची नाही."

दोघांनी माना डोलावल्या. लवेशच्या डोक्यात तोवर बारी सुरू झाली होती.

*

जागल बसल्यावर घर बदललं. माजघरामागच्या खोलीचं दार उघडं राहू लागलं, तिथे प्रणिताने सुक्या मिरच्यांचे डबे ठेवले. तिला पहिल्यांदाच सलग झोप मिळाली. पहिल्यांदाच ती सकाळी निघून संध्याकाळी घरी येऊ शकली. बायकांच्या गटाने कुडाळजवळ काजू प्रक्रियेचं युनिट टाकलं होतं, तिथे ती लागली आणि लवकरच तिथली देखरेख तिच्याकडे आली. तिला ते काम फार आवडायचं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, तरी घरी सांगताना ती थोडं हात राखूनच सांगायची.

लवेश पुन्हा बारीला बसला. रात्री लाउडस्पीकरला बंदी आल्यापासून बाऱ्या दुपारीच व्हायच्या, म्हणजे प्रणिता युनिटवर असायची तेव्हा. तिथे तिचा फोन वाजायचा.

"प्रणू, अंगठो दी. समोरचे आत्ताच सुरू झाले."

"किती येळ?"

"अर्धो तास. मगे लगेच मोकळो होतंय."

"डोक्या बिक्या दुखता काय?"

"नाय गो. माझी पाळी येतली आता, दी लवकर."

ती हातावरचं काजूचं टरफल झाडायची आणि अंगठा द्यायची. पूर्वी ती त्याच्या दंडाकडे बघून ठरवायची. आता तिच्यासमोर दंड नव्हता, पिवळा पडदा होता आणि नवऱ्याचा आनंदी आवाज होता. त्या आवाजासाठी तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती. नाही म्हणायचं तिच्या मनातही यायचं नाही.

लोक म्हणू लागले की मेस्त्री बुवा आता पूर्वीचे राहिले नाहीत. बारी रंगात आली की त्यांचा चेहरा लाल होतो, कपाळावर घाम डवरतो, हातावर काटा उभा राहतो. कुणीतरी त्याच्या दंडाचं जवळून चित्रण केलं आणि ते सगळ्या जिल्ह्यात फिरलं. खाली लिहिलं होतं, बुवांच्या अंगात देव येतो. प्रणितानेही ते पाहिलं आणि युनिटवरच्या बायकांना कौतुकाने दाखवलं. काटा बघून तिचा हात एकदा नळीच्या आठवणीने चाळवला, इतकंच. यंत्र होतं, डॉक्टर होत्या, आणि तो गात होता.

कण्याची जखम छातीच्या मध्यावर किंवा त्याच्या वर असली की पिशवी तुंबल्यावर शरीर काय करतं, ते डॉक्टरांनी फार पूर्वी सांगितलं होतं. खालून आलेली ओरड मेंदूपर्यंत पोचत नाही, पण वाटेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, चेहरा पेटतो, केस उभे राहतात. नळीच्या दिवसांत दोघांना हे पाठ होतं. आता त्याचं भजन झालं.

तपासणी जत्रांच्या हंगामात यायची. पहिल्या वर्षी लवेश म्हणाला की पावसाळ्यात जाऊ. पावसाळ्यात प्रणिताच्या युनिटवर नवी मशीनं आली. पुढच्या वर्षी दोघांपैकी कुणीच विषय काढला नाही. जागलचे आकडे इस्पितळात आपोआप जायचे, ते मात्र लवेशने बंद करून टाकले होते. "माझी मुतपिशवी गोव्यात बसान कोण बघतला?" असं तो हसत म्हणाला होता आणि तीही हसली होती.

घरी असताना तो आता तिच्याजवळ गुणगुणायचा नाही. 'उघडा' म्हणायला बायको लागत नव्हती. नव्या चाली तो पखवाजवाल्याला फोनवर ऐकवायचा. एकदा तिने विचारलं, "माका कित्याक नाय ऐकवणस?" तर तो चकित होऊन म्हणाला, "तू थकान येतंस म्हणान." तेही खरंच होतं.

*

अभय चिंदरकर बुवांशी कणकवलीला बारी ठरली. चिंदरकर म्हणजे जिल्ह्यातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात तिखट. त्यांच्यापुढे बसणं हाच मोठा मान. प्रणिताने त्या दिवशी रजा काढली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. जागल बसल्यापासून लवेशची बारी ती पहिल्यांदाच समोर बसून ऐकत होती.

लवेश आधी गायला आणि सुरेख गायला. मग चिंदरकर सुरू झाले. अभंग झाला, गजर झाला, आणि त्यांनी पेटीवर हात थांबवून प्रश्न टाकला:

एका घोटात सागर प्याला, कोरडा केला तळ,
सांगा बुवा हो, कुठून आलं दर्यामध्ये जळ?

सभागृह सरसावून बसलं. अगस्ती ऋषी समुद्र प्यायले हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण तो परत कसा भरला याची जी गोष्ट जुनी माणसं सांगतात, ती जरा चावट आहे. ऋषींनी तो पोटात ठेवलाच नाही, लघवीवाटे सोडून दिला, म्हणून समुद्र खारट, अशी ती गोष्ट. ती देवाच्या बारीत नीट शब्दांत कशी गायची, यात बुवाची कसोटी होती. चिंदरकरांना लवेशच्या यंत्राची काही कल्पना नव्हती.

प्रणिताने लवेशकडे पाहिलं. तो हसत होता, म्हणजे उत्तर सुचलं होतं. चेहरा लाल झाला होता. कपाळ चमकत होतं. आणि उजव्या दंडावर, दिव्यांच्या उजेडात अगदी स्पष्ट, काटा उभा होता. तिच्या मांडीवर फोन थरथरला. पडदा पिवळा. थोपवा, अंगठा द्या.

चिंदरकर अजून अर्धा तास तरी गाणार होते. तिने मंचाकडे पाहिलं. लवेश तिच्याकडेच बघत होता, भुवई उचलून, 'दी ना' म्हणत. एरवी हे फोनवर असायचं, आज तो दंड तिच्यासमोर होता. ती इतकी वर्षं ज्याच्यासाठी चुलीपासून उठली, तोच काटा. तिने मान हलवली. नाही.

त्याला वाटलं तिला कळलं नाही. त्याने पुन्हा खूण केली. तिने फोन पालथा घातला आणि उठून मंचाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. तिथून तिने त्याच्या माणसांना खूण केली आणि त्यांना त्याला खाली उतरवावंच लागलं. सभागृहात कुजबुज झाली. चिंदरकरांनी ते पाहिलं, आणि बारीचा बुवा अशा वेळी जे करतो तेच केलं:

प्रश्न टाकला अर्ध्यावरती, बुवा निघाले घाईत,
उत्तर काय ते ठेवून आले घरच्या जुन्या वहीत?

लोक खो खो हसले. लवेशची खुर्ची पडद्याआड जाईपर्यंत हसत होते.

आतल्या खोलीत त्याने 'उघडा' म्हटलं. बाटलीत जेमतेम कपभर पाणी आलं आणि थांबलं. दोघं त्या बाटलीकडे बघत राहिली.

"इतक्याच?" प्रणिता म्हणाली.

"इतक्याच." लवेशचा आवाज शांत होता. "काय्येक नव्हता. यंत्र पिसाळला आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवलंस."

"तुझ्या हातावर काटो होतो रे."

"तो गाण्याचो होतो. माका उत्तर सुचला होता." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "तुका तेवढाच कळता प्रणू. पिशवी भरली, पिशवी खाली केली. दुसरा काय माझ्यात तुका दिसलाच नाय कधी."

तो परत मंचावर गेला नाही. पुढचे कित्येक दिवस त्याने तिच्याशी जेवण आणि औषधं एवढ्यापुरतंच बोलणं ठेवलं. प्रणिता युनिटवर जायची, काजू निवडायची आणि ती कपभर लघवी तिच्या डोळ्यांसमोरून हलायची नाही. आपण नवऱ्याला भरल्या सभागृहात पळपुटा ठरवला, आणि तेही कशासाठी? तिला स्वतःचीच चीड यायची. अंगठा देताना कधी नडलं नाही, आणि एकदा नाही म्हटलं तर हे झालं.

आठवड्याच्या शेवटी ती त्याच्या खुर्चीशी येऊन बसली आणि फोन त्याच्यासमोर धरला. जागलमध्ये साथीदाराला कायमची संमती देऊन ठेवता यायची. एकदा दिली की यंत्र पुन्हा विचारायचं नाही.

"आता माका विचारूचा लागणा नाय," ती म्हणाली आणि त्याच्या देखत अंगठा ठेवला.

लवेश विरघळला. त्याने तिचा हात धरला, त्या दिवसाबद्दल माफी मागितली आणि कित्येक महिन्यांनी तिला एक नवी चाल गाऊन दाखवली. प्रणिताला इतकं हलकं वाटलं की ती चालीतली चूक काढायची विसरली.

*

त्या हंगामात लवेशने पूर्वी कधी घेतल्या नव्हत्या इतक्या बाऱ्या घेतल्या. पडदा आता लवकर लवकर पिवळा व्हायचा. यंत्र पिसाळलंय हे ठरलेलंच होतं, तो थोपवायचा आणि गायचा. मोकळं झाल्यावर दर वेळी थोडंच यायचं, म्हणजे आपलंच खरं.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या चपला पायांत शिरेनात. त्याला अर्थातच पायांचं काही कळत नव्हतं, प्रणितालाच ते सुजलेले दिसले. खूप बसणं झालं, ती म्हणाली. मग त्याला जेवणाची चव लागेना, माशाची कढी पुढे आली की तो ताट सरकवायचा. मग उलट्या. गोव्याला पोचले तोवर त्याला धड बसवतही नव्हतं.

डॉक्टर पाटणकरांनी तपासण्या पाहिल्या. मग प्रणिताला बाहेरच्या बाकावर आपल्याशेजारी बसवून विचारलं, "हल्ली लघवी थोडी थोडी व्हायची का? पडदा पिवळा, पण बाहेर जेमतेम?"

"व्हय. म्हणून आमका वाटला यंत्र बिघडला."

"यंत्र चांगलं आहे." डॉक्टरांचा आवाज थकलेला होता. "निरोगी पिशवी भरताना सैल होत जाते, म्हणून बरंच पाणी मावलं तरी दाब चढत नाही. पुन्हा पुन्हा ताणून थोपवली की तिची भिंत जाड होते, ताठ होते. मग कपभर पाण्यालाही तेवढाच दाब चढतो. थोडं आलं म्हणजे काही नव्हतं असं नाही. थोडं आलं म्हणजे पिशवी संपत आली होती. हे पहिल्यांदा कधी झालं?"

प्रणिताने कणकवलीच्या बारीचं सांगितलं. सगळं सांगितलं, काटा, हसणारे लोक, बाटली.

"त्या दिवशी आला असतात तर बरंच वाचलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर होतं."

प्रणिताला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ती बाकावर बसून ओक्साबोक्शी रडली. बरोबर होती, आणि त्याचीच माफी म्हणून तिने स्वतःचा अंगठा कायमचा देऊन टाकला होता.

मूत्रपिंडं परत येणार नव्हती. ओटीपोटातून एक कायमची नळी पिशवीत बसवली, तिला बाहेर लटकणारी एक पिशवी जोडली. आत पाणी साठायचा प्रश्नच नको. जागल बंद केली. गळ्याखालची कणी काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली असती, ती तशीच राहिली, मुकी. आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घ्यायला कुडाळला जायचं, पाणी मोजून प्यायचं. बारी संपली. प्रणिताने युनिटवरचं काम सोडलं, लवेशने नको म्हणून पुष्कळ विनवलं तरी सोडलं.

दोघांनी एकमेकांना दोष दिला नाही. त्यामुळे काही हलकं झालं असं नाही. लवेश कधी कधी एकदम म्हणायचा, "तू माका एकदाच थांबवलंस आणि मी तुका काय बोललंय," आणि ती म्हणायची, "जेव सरळ."

*

चिंदरकर बुवा एका दुपारी आले. खांद्याला पेटी, पाठीमागे कुणी नाही. त्यांना कुणाकडून तरी सगळं कळलं होतं. पडवीत बसले, थोडा वेळ पावसाचं बोलले, मग सरळ म्हणाले, "मेस्त्री बुवा, माका ठाव असता तर मी तो टोमणो मारलंय नसतंय."

"बारी ती बारी," लवेश म्हणाला. "मी तुमच्या जागी असतंय तर ह्याच्यापेक्षा वंगाळ मारलंय असतंय."

चिंदरकर हसले. प्रणिताने त्यांना चहा आणला, लवेशला पाव कप. चिंदरकरांनी पेटी उघडली.

"माझो प्रश्न तसोच रवलो हा. उत्तर नाय गावला तर माझी पण ती बारी पुरी होवची नाय." आणि त्यांनी हळू आवाजात तोच प्रश्न पुन्हा गायला, एका घोटात सागर प्याला, कोरडा केला तळ.

लवेशने डोळे मिटले. तो इतका वाळला होता की पोटाचा पट्टा दोनदा गुंडाळावा लागायचा. त्याने आखूड श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला आणि गायला:

सागर प्याला ऋषी अगस्ती, पोटी नाही थोपविला,
सोडून दिला म्हणून बुवा हो, खारट दर्या उरला.

चिंदरकरांनी पेटीवरचे हात उचलून जोडले. लवेश थांबला नाही, दुसरी ओळ तो फिरवून फिरवून घेत राहिला, प्रत्येक वेळी जरा वेगळी.

प्रणिता दारात उभी होती. तिने त्याच्या दंडाकडे पाहिलं आणि पाय आपोआप पुढे पडले. काटा होता. ती त्याच्या खुर्चीशी वाकली, नळी कुठे मुडपली आहे का पाहिलं. नळी सरळ होती. लटकती पिशवी पाहिली, पाणी धड वाहत होतं. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. कोरडं होतं. सवयीने तिने त्याचं ओटीपोट हलकेच दाबलं. आत काहीच नव्हतं, आता असायचंच नाही.

काटा तरी उभाच होता.

तिला मागची खोली आठवली, लोटलेलं दार, भांड्यात थांबलेले थेंब, आणि त्यानंतरही त्याच्या दंडावर राहिलेला काटा. तेव्हा ती पोट दाबून बघायची. तो प्रत्येक वेळी हाच होता. ती इतक्या जवळ बसलेली असायची, आणि भांडं उचलून निघून जायची. कणकवलीला दोन्ही एकदम आले असतील, गाण्याचा काटाही आणि पिशवीचाही. वेगळे कसे ओळखायचे, ते दोघांपैकी कुणीच कधी शिकलं नव्हतं.

लवेशने गाणं मध्येच थांबवलं आणि काळजीने विचारलं, "काय गो? भरली?"

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"नाय," प्रणिता म्हणाली. "रिकामी आसा. तू गा."